खडीच्या ग्रेडेशनसाठी मोटारवर चालणारे चाळणी यंत्र : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

खडीचे ग्रेडेशन, म्हणजे तिच्यात कोणत्या आकाराचे दाणे किती टक्के आहेत, हे तपासण्यासाठी रस्त्याच्या कामावरील आमच्या प्रयोगशाळेत गेले अकरा महिने मोटारवर चालणारे एक चाळणी यंत्र वापरात आहे. यंत्रासोबत २०० आणि ३०० मिलिमीटर व्यासाच्या चाळण्यांचे दोन संच, झाकणे, तळपात्रे आणि संगणकावर टक्केवारी व आलेख काढून देणारा तयार तक्ता असे सर्व साहित्य एकाच उत्पादकाकडून आले. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या या प्रकारच्या कोणत्याही यंत्रात निघू शकतात आणि प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर त्या तपासून पाहणे अधिक उपयोगाचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. यंत्र दणकट आहे, दिवसाला सात-आठ नमुने चाळण्याचे हाताचे कष्ट ते खरोखर वाचवते आणि आम्ही ते परत करणार नाही. मात्र त्याने दिलेला आकडा पडताळून पाहण्याची सवय ज्या प्रयोगशाळेत नाही, तिथे हेच यंत्र चुकीचे ग्रेडेशन अगदी नेटकेपणाने छापून देईल.

चुकीच्या ग्रेडेशनने काय बिघडते, हे या क्षेत्रातल्या वाचकांना ठाऊक आहे, तरी यंत्राचे मोल ठरवण्यासाठी ते थोडक्यात मांडावे लागेल. खालच्या निचऱ्याच्या थरात बारीक भुकटी वाढली की खडीमधल्या पोकळ्या बुजतात, पाणी अडून राहते आणि ओल्या थराची भार पेलण्याची ताकद घटते. डांबरी मिश्रणात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो : कण जितके बारीक तितके त्यांचे एकूण पृष्ठफळ मोठे, त्यामुळे ७५ मायक्रॉनखालची भुकटी एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी ठरवून दिलेले डांबर तेवढ्या पृष्ठभागावर पुरत नाही आणि दाण्यांवरचा लेप पातळ पडतो. उलट मधल्या आकाराचे दाणे कमी पडले, तर रोलर कितीही फिरवला तरी थर अपेक्षित घनतेपर्यंत बसत नाही. म्हणजे चाळणीवर राहिलेल्या काही ग्रॅमांच्या फरकावर क्रशरची (दगड फोडणाऱ्या यंत्राची) जाळी बदलायची की नाही, खडीचा ढीग नाकारायचा की स्वीकारायचा, असे निर्णय होतात.

यंत्राची रचना जुन्या धाटणीची आहे, आणि हा मी दोष मानत नाही. चाळण्यांची उतरंड एका चकतीवर बसते, दोन उभ्या दांड्यांमधल्या पकडीने ती आवळली जाते, मोटार तिला आडवे गोलाकार फिरवते आणि वरून एक हातोडा झाकणावरच्या बुचावर ठराविक लयीत ठोके देतो. आडव्या फिरण्याने दाणे जाळीवर सरकत राहतात आणि त्यांना छिद्रापाशी वेगवेगळ्या बाजूंनी येण्याची संधी मिळते. ठोक्यांमुळे छिद्रात अडकलेले दाणे उसळून सुटतात. दोन्ही हालचाली लागतातच. केवळ थरथरणारे एक लहान यंत्र आमच्याकडे पूर्वी होते. त्यात चपटे दाणे जाळीवर आडवे पडून तिथेच नाचत राहायचे. चौकोनी छिद्राचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो, त्यामुळे चपटा दाणा योग्य कोनात उभा राहिला तर तिरपा निसटू शकतो, पण त्याला तसे उभे राहायला भाग पाडणारी हालचाल मिळाली पाहिजे. नव्या यंत्रात हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवला.

यंत्रासोबतच्या पुस्तिकेत ‘सर्व प्रकारच्या खडीसाठी १० मिनिटे’ असे सरसकट लिहिले आहे आणि घड्याळही तेवढ्यावरच लावून आलेले असते. माझा पहिला गंभीर आक्षेप या वाक्यावर आहे. चाळणे कधी पुरे झाले हे मिनिटांवर ठरत नाही. खडी-वाळू चाळण्याच्या एएसटीएम सी १३६ या अमेरिकी मानकातली कसोटी अशी आहे की एखाद्या चाळणीवर राहिलेला माल आणखी एक मिनिट हाताने सतत चाळला, तर त्या मालाच्या १ टक्क्याहून अधिक वजन खाली पडता कामा नये. हाताने चाळण्याची रीतही मानकाने नेमकी सांगितली आहे : तळपात्र आणि झाकण लावलेली चाळणी एका हातात किंचित तिरपी धरायची, दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या टाचेने तिच्या काठावर मिनिटाला सुमारे १५० आघात करायचे आणि दर २५ आघातांनंतर चाळणी एक षष्ठांश फेरा फिरवायची. ऐकायला किचकट वाटते, पण दोनदा केले की हात बसतो.

आम्ही क्रशरच्या बारीक कचाचा (दगड फोडताना निघणाऱ्या चुऱ्याचा) १००० ग्रॅम कोरडा नमुना २०० मिलिमीटरच्या उतरंडीत घालून पुस्तिकेप्रमाणे १० मिनिटे यंत्र चालवले. १.१८ मिलिमीटरच्या चाळणीवर २६३ ग्रॅम माल राहिला. तो हाताने एक मिनिट चाळल्यावर ६.८ ग्रॅम खाली आला, म्हणजे अडीच टक्क्यांहून जास्त. त्याच मालाचा ५०० ग्रॅमचा वाटा घेऊन तेवढीच १० मिनिटे यंत्र चालवले, तेव्हा त्या चाळणीवर १२८ ग्रॅम राहिले आणि हाताने चाळल्यावर जेमतेम ०.७ ग्रॅम पडले. यंत्र तेच, वेळ तीच; फरक फक्त जाळीवर साचलेल्या थराच्या जाडीचा होता. ४.७५ मिलिमीटरहून बारीक छिद्रांच्या चाळणीवर दर चौरस मीटरला ७ किलोग्रॅमपेक्षा जास्त माल राहू नये, असे मानक सांगते. २०० मिलिमीटर व्यासाच्या चाळणीचे उपयोगी क्षेत्रफळ सुमारे ०.०२८५ चौरस मीटर असल्याने ही मर्यादा जवळपास २०० ग्रॅमवर येते. याचा पुस्तिकेत कुठेही उल्लेख नाही, आणि विक्रीसाठी आलेल्या प्रतिनिधीने तर ‘एका वेळी किलोभर सहज चाळा’ असेच सांगितले होते. इतकी साधी माहिती झाकणावर कोरून देता आली असती.

जाड खडीसाठी हाच हिशेब अधिक कडक होतो. १९ मिलिमीटर कमाल आकाराच्या खडीचा किमान ५ किलोग्रॅम नमुना घ्यावा लागतो आणि ३७.५ मिलिमीटरसाठी १५ किलोग्रॅम. ४.७५ मिलिमीटर व त्याहून मोठ्या चाळणीवर किती माल चालेल, हे काढायचे सूत्र सोपे आहे : छिद्राचा आकार मिलिमीटरमध्ये, चाळणीचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आणि या दोघांच्या गुणाकाराची अडीच पट म्हणजे किलोग्रॅम. त्याप्रमाणे ३०० मिलिमीटर व्यासाच्या ९.५ मिलिमीटर चाळणीवर सुमारे १.६ किलोग्रॅमच बसतात. एकाच आकाराच्या खडीत बहुतेक माल एक-दोन चाळण्यांवरच अडकत असल्याने ५ किलोग्रॅमचा नमुना आम्हाला तीन वाट्यांत चाळावा लागतो किंवा मध्ये १२.५ मिलिमीटरची जादा चाळणी घालावी लागते. त्यामुळे ज्यांचे मुख्य काम मोठ्या खडीचे आहे त्यांनी हे गोल चाळण्यांचे यंत्र घेऊ नये, मोठ्या चौकोनी ट्रेचे यंत्र पाहावे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता बुचाविषयी. झाकणाच्या मध्यभागी खाचेत एक बूच बसवलेले असते आणि हातोड्याचा ठोका त्यावर पडतो. चौथ्या महिन्यात ६०० आणि ३०० मायक्रॉनच्या चाळण्यांवर नेहमीपेक्षा जास्त माल राहू लागला. क्रशरवाल्यांनी कच जाड केला असावा, असे आम्ही दोन दिवस गृहीत धरले आणि त्यांना तसे कळवलेही. तिसऱ्या दिवशी मदतनिसाने आवाज बदलल्याचे लक्षात आणून दिले : पूर्वीचा भरीव ‘ठप्प’ जाऊन पत्र्यासारखा कोरडा आवाज येत होता. झाकण काढून पाहिले तर बूच झिजून खाचेच्या कडेशी समपातळीत आले होते आणि हातोडा झाकणाच्या धातूवरच आपटत होता. ठोका वरवर तेवढाच दिसत असला, तरी तो उतरंडीत नीट पोचत नव्हता. नवे बूच बसवताच आकडे पूर्ववत झाले. क्रशरवाल्यांना आम्ही चूक कळवली, पण दोन दिवस त्यांना विनाकारण दोष दिला गेला, याचे वाईट वाटते. बूच ही किरकोळ वस्तू आहे. यंत्रासोबत दोन-तीन सुटी बुचे आणि ती किती वर आलेली असावीत हे सांगणारी एक ओळ एवढे दिले असते, तर हा प्रसंग टळला असता. बूच तपासणे आता आमच्या सोमवारच्या यादीत आहे.

चाळण्यांविषयी मत संमिश्र आहे. ४.७५ मिलिमीटर आणि त्यावरच्या चाळण्या छिद्रित पत्र्याच्या आहेत. त्या उत्तम आहेत, कडा साफ आहेत आणि अकरा महिन्यांत एकही वाकलेली नाही. खालच्या चाळण्या विणलेल्या तारेच्या आहेत आणि प्रत्येकीसोबत ती आयएसओ ३३१० या चाळण्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असल्याचा दाखला आहे. या दाखल्यांकडे बारकाईने पाहावे. एएसटीएम ई ११ या चाळण्यांच्या अमेरिकी मानकात त्यांच्या तीन प्रती धरल्या आहेत, केवळ अनुरूपतेची, तपासणीची आणि कॅलिब्रेशनची, आणि प्रत वरची तितकी अधिक छिद्रे प्रत्यक्ष मोजलेली असतात. आम्हाला मिळालेले दाखले सर्वांत खालच्या प्रतीचे होते, म्हणजे आमच्या हातातल्या चाळणीची मोजलेली सरासरी त्यांत नव्हती. रोजच्या कामाला ते चालते, पण वादाच्या वेळी दाखवायला किमान ७५ मायक्रॉनची एक चाळणी वरच्या प्रतीची मागून घ्यावी.

दाखला असला तरी चाळणी झिजते. यासाठी आम्ही धुऊन वाळवलेल्या स्वच्छ वाळूची एक बरणी वेगळी ठेवली आहे; महिन्यातून एकदा तीच वाळू त्याच उतरंडीतून काढायची, वजने वहीत लिहायची आणि वाळू परत बरणीत भरायची. आठव्या महिन्यात ३०० मायक्रॉनवर राहणारा माल एकाएकी कमी झाला आणि त्याखालच्या चाळणीवर तेवढाच वाढला. चाळणी खिडकीच्या उजेडासमोर धरली तेव्हा काठाला लागून नखाएवढ्या लांबीत जाळी झाळणीतून सुटलेली दिसली. सपाट टेबलावर ठेवून पाहिली असती तर ती कधीच दिसली नसती. उत्पादकाने चाळणी बदलून दिली हे खरे, पण त्यासाठी पाच आठवडे लागले, आणि त्या काळात आम्हाला शेजारच्या प्रयोगशाळेकडून चाळणी मागून काम भागवावे लागले. इतक्या लवकर झाळण सुटणे मला पटलेले नाही.

सफाईत यंत्राची मदत होत नाही, ती हातानेच करावी लागते. जाड चाळण्यांना पितळी ब्रश चालतो. बारीक जाळीवर मात्र मऊ केसांचा ब्रश, तोही खालच्या बाजूने, आणि अडकलेला दाणा सुईने किंवा बोटाने रेटायचा नाही.

या सर्व अभिप्रायात मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते ७५ मायक्रॉनच्या चाळणीबद्दल. ‘७५ मायक्रॉनपर्यंत संपूर्ण स्वयंचलित ग्रेडेशन’ ही या यंत्राची जाहिरात आहे आणि ती दिशाभूल करणारी आहे. क्रशरमधून आलेल्या मालात सर्वांत बारीक भुकटी मोठ्या दाण्यांना चिकटून बसलेली असते, आणि कितीही ठोके दिले तरी ती कोरडी सुटत नाही. म्हणूनच ईएन ९३३-१ या युरोपीय मानकात धुऊन मग कोरडे चाळणे हीच प्रमाण रीत आहे, आणि एएसटीएममध्ये धुण्याची पद्धत सी ११७ या क्रमांकाने स्वतंत्र दिलेली आहे. आम्ही एकाच कचाचे दोन सारखे वाटे केले. पहिला ५०० ग्रॅमचा वाटा कोरडाच यंत्रात चाळला : ७५ मायक्रॉनखाली ३०.५ ग्रॅम, म्हणजे ६.१ टक्के. दुसरा वाटा १.१८ मिलिमीटर आणि ७५ मायक्रॉन अशा दोन चाळण्यांवरून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला, ११० अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवला आणि मग यंत्रात घातला. धुण्यात ४४ ग्रॅम गेले होते, तळपात्रात आणखी ३ ग्रॅम मिळाले. ४७ ग्रॅम म्हणजे ९.४ टक्के. वरच्या चाळण्यांच्या आकड्यांत दोन्ही वाट्यांमध्ये नाव घेण्याजोगा फरक नव्हता, सगळी तफावत अगदी तळाशी होती. धुतल्यानंतरच्या वाळलेल्या मालावर मात्र यंत्र फारच चांगले काम करते, कारण तेव्हा जाळी बुजवणारी भुकटी उरलेलीच नसते.

याच ठिकाणी सोबतच्या तक्त्यातला सर्वांत मोठा दोष उघड झाला. प्रत्येक चाळणीवर राहिलेल्या वजनांची बेरीज करून तो त्या बेरजेलाच १०० टक्के मानतो. धुतलेल्या नमुन्यात त्याने ४५६ ग्रॅम हे एकूण वजन धरले आणि ७५ मायक्रॉनखालचे प्रमाण ०.७ टक्के दाखवले, जिथे खरे उत्तर ९.४ टक्के होते. टक्केवारी काढायची ती धुण्याआधीच्या कोरड्या वजनावर. दुसरी गोष्ट म्हणजे बेरजेलाच पूर्ण मानल्यामुळे चाळताना सांडलेला किंवा उडालेला माल कधीच दिसत नाही. मानकाप्रमाणे चाळण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या वजनात ०.३ टक्क्यांहून जास्त फरक आला, तर तो निकाल माल स्वीकारण्यासाठी वापरता येत नाही. एकदा ५०० ग्रॅम घातलेल्या नमुन्याची वजने ४९५.५ भरली, ०.९ टक्के तूट होती आणि तक्त्याने सर्व टक्के सुबक जुळवून दाखवले होते. शोध घेतला तेव्हा तळपात्र नीट बसलेले नव्हते आणि चकतीवर बारीक धुळीचे कडे उमटले होते. आम्ही तक्ता बाजूला ठेवून स्वतःचा हिशेबपत्रक बनवला, त्यात सुरुवातीचे वजन भरल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नाही.

तक्त्यातला आलेख मात्र चांगला आहे. विल्यम फुलर आणि सॅनफर्ड थॉम्पसन यांनी १९०७ मध्ये काँक्रीटसाठी आदर्श वक्राची कल्पना मांडली. रस्त्यांच्या कामात पुढे ०.४५ घातांकाचा आलेख (ज्यात आडव्या अक्षावर चाळणीच्या आकाराचा ०.४५ वा घात घेतात) रूढ झाला आणि १९६० च्या दशकापासून तो वापरात आहे. या आलेखावर सर्वाधिक घनतेची रेषा सरळ येते : १९ मिलिमीटर कमाल आकार धरला, तर ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून सुमारे ५४ टक्के माल जायला हवा. आपला वक्र या रेषेला किती चिकटतो, कुठे तिच्यापासून दूर वळतो, हे एका नजरेत कळते, आणि बारीक वाळूच्या जागी येणारा फुगवटा ओळखायला आमच्या नवख्या तंत्रज्ञांना याच आलेखाने शिकवले. लॉगरिदम पद्धतीचा आलेखही त्याच पानावर मिळतो. छपाई स्वच्छ आहे.

नमुना घेण्याच्या बाबतीत यंत्राचा काही संबंध नाही, तरी एक गोष्ट नमूद करतो. ढिगाच्या उतारावरून जाड दाणे गडगडत तळाशी जातात. तिथून फावडाभर माल आणून तो अचूक चाळला तरी तो ढिगाचा निकाल होत नाही. यंत्र आल्यावर चाळण्याचा वेळ वाचला, तो आम्ही अनेक ठिकाणांहून माल घेणे, तो एकत्र कालवणे आणि रिफल बॉक्समधून (नमुन्याचे सारखे वाटे करणाऱ्या पेटीतून) विभागणे यासाठी वापरू लागलो. यंत्राचा सर्वांत मोठा अप्रत्यक्ष लाभ मला हाच वाटतो.

आवाज मोठा आहे. यंत्र वेगळ्या खोलीत, जमिनीला बोल्टने आवळूनच बसवावे. पकडीचा स्क्रू दर काही दिवसांनी सैल होतो, त्याला दुसरा नट लावल्यावर त्रास थांबला. मोटार, घड्याळ आणि पट्टा यांनी आजवर एकदाही अडवलेले नाही.

डांबरी मिश्रणाचा कच, वाळू आणि १९ मिलिमीटरपर्यंतची खडी रोज तपासणाऱ्या प्रयोगशाळेला हे यंत्र मी निश्चितपणे सुचवेन. खरेदीच्या वेळी धुण्यासाठी उंच काठाची ७५ मायक्रॉनची एक स्वतंत्र चाळणी, ३०० मायक्रॉनची एक जादा चाळणी आणि सुटी बुचे याच मागणीपत्रात लिहून घ्यावीत, कारण नंतर मागवल्यावर ती येईपर्यंत काम थांबते. टक्केवारीची चूक आम्ही उत्पादकाला आकड्यांसह लेखी कळवली आहे; नवा तक्ता अजून आलेला नाही.